शेठची परवानगी

१७ ऑक्टोबर, दुपार

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. आईचं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण जिना चढून वर येते आणि मला ओरडते, म्हणजे ठीकच. ह्यांच्या शाळेत खेळाच्या स्पर्धा आहेत. पोरांवर ओरडून ओरडून घसा बसलाय. मी दहा दिवस रजेवर आहे. चष्म्याच्या दुकानात माझ्या जागी एक नवीन मुलगी काचा घासतेय. परवा म्हणे एका म्हातारबुवांची डावी काच तिनं उजवीकडे बसवली. माझी तब्येत बरी आहे.

शनिवारी तू फोनवर जे बोललास, त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते, ऐक.

तुझं वाक्य मला पाठ झालंय. "म्हणजे आपला शेठ तुझ्या पोटी येणार असता, तर तू त्याला कचऱ्यात टाकलं असतंस." वर म्हणालास, "नको म्हणणारे आपण कोण?"

मी कोण ते सांगते. आधी तू कोण ते सांगते.

शेठ, आपलं शेंडेफळ, सात वर्षांचा असताना चालता चालता पडायला लागला, तेव्हा तू वसतिगृहात होतास. मग नोकरी, मग लग्न, मग मुली. त्याचा दोष मी तुला कधी दिला नाही. पण त्याला उचलून संडासात नेणारी मी होते. त्याची कूस बदलायला मी आणि आई, आळीपाळीनं, अकरा वर्षं. तू खुर्ची पाठवलीस. चांगली होती, बॅटरीवर चालणारी. दारातून आत येईना! सुताराला बोलावून चौकट फोडावी लागली. दोन दिवस घराला भगदाड, आणि हा पठ्ठ्या त्या भगदाडात खुर्ची लावून रस्त्यानं जाणाऱ्यांना हुकूम सोडतोय, "ओ काका, पिशवी फाटलीय, खालून धरा!" तेव्हापासून तो शेठ. तुला फक्त फोटो मिळाला. त्यात तो हसतोय, एवढंच दिसतं.

आणि मार्च विसरलास? आमचे गर्भ काचेत तयार करून पोटात ठेवण्याआधी तपासायचे, तर हा आजार आपल्या घरात कुठल्या वाटेनं आला ते प्रयोगशाळेला आधी ताडून बघावं लागतं. शेठच्या रक्ताचा नमुना इस्पितळात जपलेला होता. आईनं रक्त दिलं, मी दिलं. तुझी नुसती थुंकी हवी होती, धडधाकट भाऊ म्हणून. नळी पाठवली. तीन आठवड्यांनी वहिनींनी ती रिकामीच परत केली, सोबत चिठ्ठी: "ह्यांना यात पडायचं नाही. मुलींच्या कानावर जायला नको." अरे, तुझ्यात तो दोष असता तर तूही त्याच खुर्चीत बसला असतास! तुझ्यात नाही, म्हणून तुझ्याकडून तुझ्या मुलींनाही नाही. डॉक्टरीणबाईंनी रेघा मारून समजावलेला कागद मी नळीबरोबरच पाठवला होता. तू तो वाचलाही नाहीस. थुंकायला वेळ नाही आणि उपदेश करायला पहिला नंबर! तुझ्यावाचून अडलं नाही म्हणा. दोन महिने लांबलं, बस्स.

अहवाल द्यायला आम्हाला एका छोट्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागदी रुमालांचा खोका आमच्या बाजूला आधीच सरकवून ठेवलेला. तो खोका बघूनच माझं डोकं फिरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच गर्भ तयार झाले होते. दोघांत वेगळेच दोष, ते जगणारे नव्हतेच. दोन शेठसारखे. एक निर्मळ.

"एक पुरे की," हे म्हणाले.

त्या दिवसापासून जो तो माझी समजूत घालतोय. आई म्हणते, शेठ असता तर तोच म्हणाला असता, कर. हेही तेच म्हणतात. दादा, हे खोटं आहे. का खोटं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो सतरा वर्षांचा होता. आरशासमोर त्याचे केस विंचरत होते. कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, "शेठ, जन्मलोच नसतो तर बरं, असं वाटतं का रे तुला कधी?"

आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुला वाटतं?"

"छे. काहीतरीच काय!"

"खोटारडी," तो म्हणाला. "मला उठायचंय. नसायचंय असं कधी म्हटलं मी?"

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीच खोटारडी होते, दादा. मला वाटायचं. रोज नाही, पण वाटायचं. तो गेला तेव्हा तू म्हणालास, "सुटला बिचारा." मी तुझ्या अंगावर धावून गेले ते एवढ्यासाठीच, की मनात मीही म्हटलं होतं, सुटले.

तेव्हा शेठची परवानगी माझ्याकडे नाही. कधीच नव्हती. मी जे केलं ते माझं मी केलं. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. काचेच्या बशीत चार पेशी असताना मला कळलं असतं, तर हो, मी नको म्हटलं असतं. आणि तोच माझ्या मांडीवर आला असता, तर त्याला नको म्हणणाऱ्याचे मी दात पाडले असते. हे दोन्ही मीच. तुला पटत नसेल तर नको पटू दे. पण कचरा हा शब्द पुन्हा काढशील तर याद राख.

त्या शेठसारख्या दोघांच्या कागदावर मी काल सही केली. गोठवून ठेवायचे की नाही, असं विचारणारा कागद. नाही, असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं. घरी येऊन कपाटाचं दार इतक्या जोरात आपटलं की बिजागरी निघाली.

आणि तो निर्मळ. ऑगस्टच्या शेवटी ठेवला होता. रुजला. ठोके दिसले, फार भरभर. हे बाहेर गेले आणि मी पहिला नंबर लावला तो तुझा. हो, तुझाच, त्या रिकाम्या नळीनंतरही. मग म्हटलं, तीन महिने होऊ देत, मग सांगू. फोन ठेवला.

सहा आठवडे राहिला. गेल्या शुक्रवारी सकाळी गेला. शनिवारी तुझा फोन आला. तुला माहीत नव्हतं, हे मला कळतंय. माझा राग त्यानं कमी होत नाही.

पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं की नाही, ते आम्ही ठरवलेलं नाही. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. मला अजून काही म्हणता येत नाही.

माफीबिफीचं लिहू नकोस, मी फाडून टाकीन. फोनही नको. यायचं तर ये, एकटा, आणि आलास तर लगेच परतीची गाडी बघू नकोस. शेठबद्दल तुला सांगायचं बरंच आहे. ऐकायला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे मला?

तुझी आणि शेठची,
चिमी