शिकंज्यात राहिलेलं पुस्तक

प्रिय ठमे,

तुझा खोकला थांबला का, ते आधी सांग. जावईबापूंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, ओझं उचलताना माणूस वय विसरतो, पाठ विसरत नाही. विहीणबाईंचे गुडघे अजून कुरकुरतात का? आणि आमच्या नातीचा हलणारा दात पडला, की जिभेने झोके देणं चालूच आहे? इकडे तुझी आई ठणठणीत आहे. माझंही बरंच म्हणायचं. जेवण जातं, झोप तेवढी रुसली आहे.

आपल्या चर्चच्या पाळकांनी प्रकृतीपायी काम सोडलं, हे आईने तुला कळवलं असेलच. आपल्यासारख्या मूठभर मंडळीला नवा पाळक कोण देणार? म्हणून आपल्यातल्याच कुणाला तरी उभं करायचं ठरलं. मी म्हटलं, करा बापडे. मास्तर आहेत, कंपाउंडर आहेत, बोलणाऱ्यांना काय तोटा. त्या रविवारी शेवटच्या प्रार्थनेला मी डोळे मिटले ते जरा जास्तच वेळ मिटले, आणि उघडून बघतो तर माझ्या बाकावर गीतपुस्तकांची ही रास. मला हसूच आलं. आदल्याच आठवड्यात मी घंटावाल्या दादांपाशी कुरकुरलो होतो, की लोक देवाची गाणी गातात आणि पुस्तकांच्या चिंध्या करतात, एकदा माझ्याकडे बांधणीला टाकली तर काय बिघडेल. वाटलं, दादांनी निरोप पोचवला. सगळी पोत्यात भरली आणि घरी आणली. कुणी अवाक्षर काढलं नाही. मास्तरांनी तर दार उघडून धरलं.

आठवडाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. जुना दोरा काढला, नवी शिवण घातली, खळ शिजवली, पाठी चिकटवल्या आणि एकेक गठ्ठा शिकंज्यात दाबला. तुझी आई समोरून जाता-येता बघायची आणि भांडी आपटायची. विचारलं तर म्हणे, मला काय विचारता, तुमचं काम तुम्ही ओळखा. मी म्हटलं, हिला खळीचा वास सोसत नसेल. शनिवारी संध्याकाळी गुपचूप जाऊन ज्याचं पुस्तक त्याच्या जागेवर ठेवून आलो. रविवारी सगळे खूश होतील म्हणून नवा सदरा घातला. लोक आले, पुस्तकं उचलली आणि माझ्याकडे न बघता बसले. कंपाउंडरबाईंनी तर पदर डोळ्याला लावला. मी मनात म्हटलं, एवढी काही सुरेख बांधणी नाही झाली.

नंतर घंटावाल्या दादांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, अरे शहाण्या, नकार द्यायचा होता तर इतकी खळ कशाला वाया घालवलीस? मग उलगडा झाला. ज्याला देवाचं पाचारण आहे असं मंडळीला वाटतं, त्याच्यापुढे प्रत्येकाने आपलं पुस्तक ठेवायचं, तोंडाने बोलायचं नाही, घरच्यांनी तर मुळीच नाही. त्याने ती घरी नेऊन प्रार्थना करायची. गुपचूप जागेवर ठेवली तर नकार. एकेकाच्या हातात देऊन आशीर्वाद दिला तर होकार. आधीचे पाळक मी या मंडळीत जावई होऊन येण्याआधीपासूनचे, मला हे कळणार कुठून? आईला ठाऊक होतं, पण तिचं तोंड बांधलेलं. देवाने हाक मारली आणि मी तिला खळ लावून परत केली.

दादा म्हणाले, एकही पुस्तक तुझ्याकडे उरलं असेल तर उत्तर पुरं झालेलं नाही. एक उरलं आहे. त्याची पाठ ओली होती, म्हणून शिकंज्यातच ठेवलं. तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. मी काय उभा राहणार, पोरी? मी शाळा पाहिली ती बाहेरून. फाटक्या पानांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकलो, अजून जोडाक्षराला अडखळतो. चार माणसं बघितली की मागच्या बाकावर सरकतो. देव चुकत नाही म्हणतात, पण मंडळी चुकू शकते. दुकानात बसलो की शिकंज्याकडे लक्ष जातं, आणि हात कामावरून निघतो.

आता हे सगळं तुलाच का लिहितो, ते सांगतो. ते उरलेलं पुस्तक तुझं आहे. पहिल्या पानावर तू लहानपणी काढलेली पाच पायांची मांजर आहे, तिच्यावरून मी ओळखलं होतं, आणि वाटलं होतं, आईने दुरुस्तीला दिलं. आता कळतं, तिने ते माझ्यापुढे ठेवलं. स्वतःचंही ठेवलं होतं, ते तिचं तिला परत गेलं. पण तुझं तिने आपल्या मनाने ठेवलं, की तू सांगितलंस? तिला विचारलं तर भिंतीकडे बघते. जेवणाच्या पाटावर माझ्या मांडीवर बसून माझ्या वाचनातल्या चुका तूच काढायचीस, प्रत्येक चुकीला माझा कान ओढायचीस. मी कुठे कुठे अडखळतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. सगळं माहीत असून तू ते पुस्तक ठेवायला सांगितलं असशील, तर येत्या रविवारी मी ते आईच्या हातात देईन आणि आशीर्वाद म्हणेन, अडखळलो तरी म्हणेन. सांगितलं नसशील, तर तेही मोकळेपणी लिही, मी रागावणार नाही. पाठ केव्हाच वाळली आहे, पण मी शिकंजा सैल केलेला नाही. बंदी तोंडाला आहे, लेखणीला नाही; हे वाचून खाली ठेवण्याआधी दोन ओळी लिहून टाक.

तुझाच,
बाबा