यंत्राची जागा

३ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझे भाऊजी. दुकानातून आले की बूटही न काढता खुर्चीत बसतात, काही विचारलं की खेकसतात. मीही काही कमी नाही. परवा छकुलीने शिवायच्या कापडाला हात लावला म्हणून तिला धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसले. कशातच जीव रमत नाही, सकाळपासून डोकं जड. पांढरं कापड मशीनवर ठेवलं की दुपारपर्यंत राखाडी होतं, म्हणून शंका आली, दोष हवेचा तर नाही? आमच्या भागातलं हवा मोजायचं यंत्र तूच सांभाळतोस. खरं काय ते कळव. नाहीतर मला संशय येतो, ह्यांचं मन दुसरीकडेच कुठेतरी गुंतलंय.

वाट पाहणारी,
ताई

१२ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. लहानपणी माझ्या दप्तराची झडती घ्यायचीस, आता भाऊजींची! तुमच्या भागाचा आकडा अडतीस पूर्णांक चार. पन्नासच्या आत म्हणजे हवा उत्तम. मला विचारशील तर तुझं मनच थकलंय. भाऊजींशी गोड बोल, जरा झोप काढ. मला बढती मिळाली, हे सांगायचं राहिलंच. छकुलीला पापा.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझं ऐकून गोड बोलले, स्वतःलाच बोल लावला, झोपेच्या गोळ्यासुद्धा आणल्या. पण ते ‘पूर्णांक चार’ डोक्यातून जाईना. इतका नेमका आकडा देणाऱ्याने यंत्र कुठे आहे ते मात्र लिहू नये? ते शाळेच्या गच्चीवर असायचं, म्हणून काल तिथे गेले. तिथे सिमेंटचा कट्टा आणि चार गंजके बोल्ट, बस्स. शिपाई म्हणाला, यंत्र ऑक्टोबरातच नदीपलीकडच्या रोपवाटिकेत हलवलं, आणि नेणाऱ्याचं नाक थेट तुमच्यासारखं होतं.

आशीर्वाद नंतर. आधी उत्तर.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

मीच नेलं. साहेबांना आकडे खाली आणायचे होते, कारखान्यांकडे बोट दाखवलं जायला नको होतं. बढती त्याचीच. हे ठाऊक असूनही सगळं तुझ्याच मनावर ढकललं. परवा दोन हमाल घेऊन यंत्र पुन्हा गच्चीवर बसवलं. पहिल्याच दिवशीचा आकडा दोनशे सहा. तो वर्तमानपत्राला दिला. आज सकाळी निलंबनाचा कागद हातात पडला. आकड्याची प्रत सोबत आहे. भाऊजींना दाखव.

माफी मागायचं तोंड नसलेला,
धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

कागद ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, चार महिने त्यांना वाटत होतं की मलाच त्यांचा कंटाळा आलाय. म्हणजे दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून होतो! संध्याकाळी आम्ही खिडक्यांच्या फटी कापडाच्या पट्ट्यांनी बुजवल्या, पट्ट्या छकुलीने कापून दिल्या. हवा आहे तशीच आहे, डोकं दुखतंच. पण आता दुखलं की एकमेकांना सांगतो.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो तुला समोर बसवून काढायचाय, तेव्हा नोकरी नाही तर इकडेच ये. खिडक्या बंद असतात, खालून मारलेली हाक ऐकू येणार नाही. सरळ वर येऊन दार वाजव.

लोभ काही कमी करता आला नाही.

तुझी,
ताई