लेकीने आणलेली मऊ खुर्ची

बाळाच्या आजोबांना, आजीचा इकडून नमस्कार.

मी बरी आहे. बाळ गुटगुटीत आहे, लेकही आता पोटभर जेवते. तुमचा खोकला कसा आहे? गरम पाणी पिता, की नुसतं हो म्हणता?

बाळाला मांडीवर घेऊन बसायला लेकीने माझ्यासाठी मऊ खुर्ची आणली आहे. मी बसत नाही. लघवीच्या पिशवीला आधार म्हणून डॉक्टरांनी आत जाळी बसवली, ती बसताना टोचते. बाळाला उचललं की कळ येते, आणि लघवी पूर्वीसारखीच नकळत होते. खुर्ची खराब झाली तर काय सांगू? ऑपरेशनचा हट्ट तिचाच होता. कळलं तर जन्मभर स्वतःला बोल लावेल. फोनवर चुकूनही बोलू नका, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.

म्हणून मी दिवसभर उभ्यानेच कामं उपसते. बाळ रडलं की म्हणते, माझे हात ओले आहेत.

काल ती बाळाला सांगत होती, "आजीला तुझ्यापेक्षा भांडी आवडतात रे." मी नळ मोठा सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले.

स्वतःला जपा.

तुमचीच,
बाळाची आजी