डिंक्याच्या वहीतलं पाचवं पान

३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग, आणि त्यांना म्हणावं, आता घरात तुमच्यापेक्षा जास्त घोरणारा येतोय, तयारीत राहा.

आम्ही दोघं ठीक आहोत. बाइंडरीत शाळेच्या वह्यांचं काम संपलं आणि वकिलांची जाडजूड पुस्तकं आली आहेत. एकेक पुस्तक उचलताना कंबर धरते. तुझे काका जरा लंगडतायत, शिडीवरून पाय घसरला. काळजी करू नकोस. माझ्या हाताचे टाके कधीच निघाले. कटिंग मशीनसमोर चाळीस वर्षं काढली आणि एक जखम झाली, हे काही फार नाही.

उद्या सकाळी संस्थेच्या ताई डिंक्याला त्यांच्या गाडीतून तुझ्याकडे आणतील. हे पत्र त्याच्या वहीत घालून देते आहे. तू विचारलं होतंस की या संस्थेचा निवारा कुठे आहे. निवारा असा नाहीच गं. आमच्यासारख्यांची घरं हाच निवारा. कुत्रा सापडला की कुणातरी एकाकडे दोन-चार महिने राहतो, तिथे माणसांत यायला शिकतो, मग कायमच्या घरी जातो. त्याचं खाणं, औषधं, खोड्या, सगळं सांभाळणाऱ्याने एका वहीत लिहायचं आणि ती वही कुत्र्याबरोबर पाठवायची. नव्या घराला त्याच्याबद्दल जे कळतं ते त्या वहीतूनच. वह्या संस्थेला मीच बांधून देते, तेव्हा निदान सुटणार तरी नाहीत!

नाव डिंक्या का, ते तुला दोन दिवसांत कळेल. पायाला चिकटतो तो सुटत नाही. पाठीवर तळहाताएवढा केस नसलेला डाग आहे, तो जुना आहे, खाजत नाही. सकाळी उकडलेलं अंडं दिलंस की दिवसभर तुझा गुलाम. झोप मात्र त्याला फार प्रिय. झोपला असेल तर झोपू द्यावं, उगाच लाड करायला जाऊ नये, एवढंच.

ताई महिनाअखेरीला पाठवू म्हणत होत्या. मीच म्हटलं, लांबवायचं कशाला, मुलगी वाट बघतेय.

घरात तुम्ही दोघंच असता ना? मागेही विचारलं होतं, पण पुन्हा विचारते. कुणी येणारजाणारं फार नाही ना?

तुझी,
मावशी


१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज अकराच्या सुमारास हातात पडलं. मी तुला बांधून दिलेल्या पॅडवर लिहिलं आहेस, बघून बरं वाटलं. अक्षर मात्र अजून मुंगीच्या पायांचं आहे. शाळेत असताना तुझ्या बाई म्हणायच्या, हिच्या पेपराला भिंग लागतं.

इथे सगळं ठीक. काकांचं लंगडणं कमी झालं आहे. वकिलांची अर्धी पुस्तकं झाली. खळ शिजवताना भांडं करपलं, ते घासत बसले होते. नंतर मशीनमध्ये तेल घातलं. नंतर तुझं पत्र पुन्हा वाचलं.

भिंगरी, तुझी नणंद उद्या बाळाला घेऊन येतेय. बाळ रांगायला लागलंय, हाती लागेल ते ओढतं, असं तू लिहिलं आहेस. त्याच्या खाली लिहिलं आहेस, ‘डिंक्या दुपारी गाढ झोपतो तेव्हा बाळाला त्याच्या पोटावर टेकवून फोटो काढणार आहे, तुला मोठा करून पाठवते.’

ती ओळ मी बोट ठेवून पुन्हा वाचली. काका समोर पुठ्ठे मोजत होते. म्हणाले, “काय झालं? तोंड पांढरं का पडलं तुझं?” मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, “फोन लाव तिला.”

लावला. बारा वाजता आला होता ना माझा फोन, तो त्यासाठीच. तू शेजारणीकडून पाळणा आणल्याचं सांगत होतीस, डिंक्याने त्या पाळण्याखाली जागा कशी पटकावली ते सांगून हसत होतीस. पाळण्याखाली! आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “बरं बरं, अंडं देतेस ना त्याला?” आणि फोन ठेवला. काका माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. तेव्हा आता लिहायला बसले आहे.

माझा हात मशीनने कापला नव्हता.

डिंक्या येऊन महिना झाला असेल. टेबलाखाली कात्रणांचा ढीग असतो ना, त्यात तो झोपला होता. मला खालचा गठ्ठा हवा होता. मी वाकले आणि त्याला बाजूला सरकवायला पाठीवर, त्या डागाशीच, हात ठेवला. त्याने डोळेही उघडले नाहीत. तसाच वळला आणि अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले. मी ओरडले तेव्हा तो जागा झाला. पुढे दिवसभर कागदाच्या रिळांमागे जाऊन बसला, पाण्यालासुद्धा आला नाही. झोपेत असताना कुणीतरी त्याच्या पाठीवर काहीतरी ओतलं असावं. पशुवैद्यांचं तेच मत आहे. जागा असतो तेव्हा तो मऊ मेणासारखा असतो, हे खोटं नाही. पण झोपेत तो आपला डिंक्या नसतो.

पाच टाके पडले, इंजेक्शनं घेतली. डॉक्टरांना खरं सांगितलं. तुला मशीन सांगितलं, आणि तू फोनवर रडलीस, “मावशी, आता वय झालं, ते मशीन सोड.” मी तुझं रडणं मुकाट्याने ऐकून घेतलं.

संस्थेचा नियम असा की चावा लाल शाईने लिहायचा. मी त्याच दिवशी, डाव्या हाताने, पाचव्या पानावर लिहिला. खोटं नाही सांगत, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. पण लाल शाईच्या कुत्र्याला कुणी नेत नाही गं. एक आहे तसा, संस्थेच्या ताईंकडेच अडीच वर्षं पडून. लोक वही चाळतात, लाल अक्षरांपाशी थांबतात आणि म्हणतात, आम्ही कळवतो. मग तुझा फोन आला. गेल्या वर्षीचं सगळं सोसून झाल्यावर पहिल्यांदा तुझा आवाज जरा उजळ होता. “मावशी, तुझ्याकडचाच दे ना, म्हणजे घरातलाच वाटेल.” मी वही काढली आणि लाल अक्षरं बघितली.

पान नुसतं फाडता येत नाही. मी बांधलेल्या वहीत सोळा पानं असतात. आठ ताव मधोमध दुमडून दोऱ्याने शिवलेले. पाचवं पान काढलं की त्याच तावाचं दुसरं अंग, बारावं पान, तेही सुटतं. म्हणून मी सगळी शिलाई उसवली, तो ताव काढला आणि त्याच रंगाचा नवा घातला. पाचव्या पानावर त्याची भूक आणि वजन पुन्हा लिहिलं. बाराव्या पानावर ‘आज पहिल्यांदा शेपूट हलवली’ हे होतं, तेही जसंच्या तसं उतरवलं. पहिल्या वेळी लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं. या वेळी फक्त ओळी सरळ येतायत ना, ते बघत होते. मग जुन्याच भोकांतून दोरा ओवला. चाळीस वर्षांत इतकं सफाईचं काम मी दुसरं केलं नसेल. तू लिहितेस, ‘वही काय सुंदर बांधली आहेस, संस्थेच्या ताईही कौतुक करत होत्या.’

इथवर लिहिलं आणि वाटलं, झालं. बोलून मोकळी झाले. सही करावी. पण काका मागे उभे राहून वाचत होते. म्हणाले, “माझ्या पायाचं?”

काका शिडीवरून पडले नव्हते. डिंक्या तुझ्याकडे आला त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी ते बाजेवरून उठले आणि खाली झोपलेल्या डिंक्याच्या शेपटीला त्यांचा पाय लागला. त्याने पोटरी धरली आणि या वेळी सोडेना. मी बादलीभर पाणी ओतलं तेव्हा सोडली. पाणी ओतल्यावर तो ज्या आवाजात ओरडला तो अजून माझ्या कानात आहे. हे तर मी वहीत लिहिलंच नव्हतं. काका म्हणत होते, “आता मात्र सांग तिला, नाहीतर मी सांगतो.” मी म्हटलं, सांगते. आणि त्यांच्यासमोरच संस्थेच्या ताईंना फोन करून विचारलं, सोमवारीच नेता का? काकांना वाटलं, तुला पत्रात लिहिलं असेल. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

भिंगरी, मला वाटत होतं की मी हे त्याच्यासाठी केलं, त्याला घर मिळावं म्हणून. नाहीतर तुझ्यासाठी, तुझं घर हसतं व्हावं म्हणून. दहा दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. आज तुझं पत्र वाचलं आणि लबाडी उघडी पडली. मला त्याची भीती वाटायला लागली होती. त्या शुक्रवारनंतर मी टेबलाशी पाय वर घेऊन बसायचे. तो दुपारी कूस बदलायचा आणि मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. तो घरातून जावा असं मला झालं होतं. आणि ज्याची मला भीती वाटत होती, ते मी गळ्यात नवा पट्टा घालून तुझ्या घरात पाठवून दिलं. तू मला आईच्या जागी मानतेस. आईने असं केलं असतं का, ते विचारायचं धैर्य मला नाही.

आता नीट ऐक. डिंक्या झोपलेला असताना त्याच्याजवळ कुणीही जायचं नाही. तूसुद्धा नाही. उठवायचं असेल तर खोलीच्या दारातून नावाने हाक मारायची, जमिनीवर पाय आपटायचा, त्याने मान वर करून तुझ्याकडे बघितलं की मगच आत जायचं. पाळण्याखालून त्याला आजच काढ, पण जागा असताना, अंड्याचं आमिष दाखवून. उद्यापासून बाळ ज्या खोलीत असेल त्या खोलीत तो नको. दाराला कडी हवी, नुसतं लोटलेलं दार चालायचं नाही. फोटो काढू नकोस. माझी शपथ आहे तुला, फोटो काढू नकोस.

उद्या पहिल्या बसने मी निघते. तू म्हणशील तर त्याला परत घेऊन येईन. भीती वाटली तरी आता सुटका नाही, तो माझ्याकडे राहील, लाल शाईसकट. तू ठेवायचं म्हणालीस तर बाळ असेपर्यंत मी त्याच्याबरोबर मागच्या खोलीत राहीन. दोन्हीपैकी काय, ते तू ठरव, मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. संस्थेच्या ताईंना संध्याकाळी सांगते. त्या मला यादीतून काढतील, काढावंच. पुन्हा कुठलं कुत्रं माझ्याकडे येणार नाही. ते जाऊ दे.

पण डिंक्यावर रागावू नकोस. त्याने काही लपवलं नव्हतं.

हे लिहून होईपर्यंत तीन वाजले. मी पाकीट चिकटवायला घेतलं तर काका म्हणाले, “आज टाकलंस तर परवा पोचेल. बाळ उद्या येतंय.”

“मग काय करू? फोनवर माझ्या तोंडून निघत नाही. बघितलंत ना मघाशी.”

“बोलू नकोस. लिहिलंयस ना? तेच वाच.”

आणि त्यांनी फोन उचलून माझ्यासमोर ठेवला.

म्हणून हे पत्र तुला वाचायला मिळणार नाही, ऐकायला मिळेल. मी ‘अनेक आशीर्वाद’पासून सुरू करीन. मध्ये थांबले तर काही विचारू नकोस, धीर धर, मी पुढे वाचीन. शेवटपर्यंत वाचीन. नंबर काकांनाच फिरवायला सांगणार आहे.

फक्त एक करणार आहे. तू फोन उचलशील आणि नेहमीसारखी “काय गं मावशी?” म्हणशील. ते एकदा पोटभर ऐकून घेणार आहे, आणि मग वाचायला लागणार आहे.

तुझी,
अजून या क्षणापर्यंत तरी,
मावशी