मंजूर झालेले यंत्र इस्त्रीवालीच्या खिडकीसमोर नेण्याबाबत

प्रति,
मा. हवा व आरोग्य अधिकारी,
शहर कार्यालय, पहिला मजला.

विषय : दादांच्या खिडकीसमोर परत बसवण्यास मंजूर झालेले हवा मोजण्याचे यंत्र आता चौकापलीकडे बसवण्याबाबत, तसेच टँकरवरील कर्मचाऱ्यास मूळ कामावर घेण्याबाबत.

संदर्भ : आपले मंजुरीचे पत्र. ते दादांच्या नावे आले. पोस्टमनला सही अर्जदाराने दिली.

महोदय,

आपण दादांचा अर्ज मंजूर केलात, त्याबद्दल आभार. दादा वारले आहेत. त्यामुळे पुढील हकीकत त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे सदर अर्जदाराने, लिहून दिली आहे. आपला वेळ मोलाचा आहे हे तिला ठाऊक आहे, पण हकीकत मागेपुढे केली तर मागणी समजणार नाही.

१. दादांनी उभा जन्म शहराच्या बसगाडीचे चाक धरले. लग्न केले नाही. अर्जदाराचे यजमान लवकर गेल्यावर दादाच तिला आपल्या खोलीत घेऊन आले, आणि तिथेच तिने शिवणाचे मशीन मांडले. निवृत्तीनंतर दादांना दम लागू लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना, शेवटी नुसते बसल्या जागी. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "सिगारेट किती ओढता?" दादा म्हणाले, "सिगारेट नाही ओढली साहेब. बस ओढली." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि सांगितले, "या चौकात राहू नका." अर्जदाराने विचारले, "मग कुठे राहू?" तोवर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले होते.

२. आमची खोली चौकाच्या तोंडावर आहे. सिग्नल लागला की ट्रक खाली घरघरत उभे राहतात. खिडकीची कड सकाळी पुसली तर दुपारी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येते. पांढरे कापड शिवायला घेणे अर्जदाराने केव्हाच सोडून दिले. अशा ठिकाणी, आमच्या खिडकीच्या बरोबर समोर, पंपघराच्या गच्चीवर आपल्या कार्यालयाने हवा मोजण्याचे यंत्र बसवले. दादांना फार आनंद झाला. "आता कळेल यांना," म्हणाले.

३. यंत्र बसल्यानंतर काही दिवसांतच तिथे पाण्याचा टँकर येऊ लागला. टँकरवर मोठा फवारा. तो यंत्राच्या चहूबाजूंनी बारीक तुषार उडवायचा, धूळ खाली बसायची, आणि यंत्रावरचा आकडा उतरायचा. हे कोणाच्या आदेशाने चालले होते याच्याशी अर्जदाराला काही कर्तव्य नाही. तिची एवढीच नोंद आहे की त्या वेळात दादा बरे असत. तुषार खिडकीतून आत येत, दादा उशीला टेकून डोळे मिटत आणि पूर्ण श्वास घेत. त्यानंतर दोन घास जात. एकदा तर त्यांनी अर्जदाराला जुने गाणे सबंध म्हणून दाखवले, मध्ये न थांबता.

४. टँकरवरच्या कर्मचाऱ्याला दादा ढगोबा म्हणत. पुढे सगळा चौकच त्याला ढगोबा म्हणू लागला. एके दिवशी दादांनी खिडकीतून हाक मारली, "अहो ढगोबा, जरा इकडं वळवा की तोंड!" तो खालून ओरडला, "काका, साहेबांनी यंत्राच्या बाजूलाच मारायला सांगितलंय." दादा म्हणाले, "मग मी कुठं राहतो? यंत्राच्या बाजूलाच की!" ढगोबा पोट धरून हसला आणि त्याने फवारा थोडासा कलता केला. तेव्हापासून रोज, यंत्राचे आटोपले की, आमच्या खिडकीवर एक झोत. अर्जदाराने खिडकीजवळचे कापडांचे गठ्ठे उचलून पलंगाखाली सरकवले. यात ढगोबाने कोणाकडून काही घेतले नाही. चहासुद्धा टँकरवर बसूनच प्यायला, गाडी सोडून वर आला नाही.

५. मग पाहणीला एक साहेब आले. पंपघराची गच्ची ओली होती, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आमच्या घराची भिंत ओली का, असे विचारले. ढगोबाने खरे ते सांगितले. सरकारी पाणी खासगी खिडकीवर मारल्याबद्दल त्याची चौकशी लागली आणि त्याला गटारसफाईवर पाठवण्यात आले. जागा वादग्रस्त ठरल्यामुळे यंत्रही उचलले आणि शहराबाहेरच्या तळ्याकाठच्या बागेत नेले.

६. दादांनी अर्ज केला. ते सांगत आणि अर्जदार लिहून घेई. एका वाक्याला दोनदा थांबावे लागे. यंत्र परत आणा एवढीच मागणी होती. पाण्याबद्दल लिहू नकोस, म्हणाले, उगाच त्या बिचाऱ्याला आणखी त्रास. आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की उपलब्ध नोंदीनुसार आपल्या भागातील हवा समाधानकारक आहे. नोंद बागेतली होती. दादांनी उत्तर वाचले, घडी घातली आणि म्हणाले, "घे, मी बरा झालो." आम्ही पुन्हा अर्ज केला.

७. त्या काळात दादांना वाफ देण्यासाठी दवाखान्यात न्यावे लागे. तिथे भिंतीला बाक आहे आणि सगळे तोंडावर मास्क लावून ओळीने बसतात. दादांच्या शेजारी बहुतेक वेळा एक लहान मुलगी असे. चौकापलीकडे तळमजल्यावर जी इस्त्रीवाली आहे, तिची ही लेक. तिची खिडकी रस्त्याला इतकी लागून आहे की सिग्नलला थांबलेल्या ट्रकचा धूर सरळ तिच्या अंथरुणावर येतो. मुलगी दादांना विचारायची, "आजोबा, तुमची वाफ संपली का? माझी घ्या." दादा मास्कमधूनच मान हलवत. परत येताना ते जिन्यात बसायचे आणि म्हणायचे, "ती पोरगी मोठी व्हायला हवी." एवढेच. त्याच्या पुढे बोलायला दम नसे.

८. ज्या दिवशी दादा गेले त्या दिवशी अर्जदार गणवेश शिवत होती. दुपार होती. सकाळपासून दादांना खोकला लागला होता आणि तो काही केल्या थांबेना. मग थांबला. अर्जदाराला बरे वाटले. आता कुठे डोळा लागला असेल, मशीनच्या आवाजाने झोपमोड नको, म्हणून तिने मशीन बंद केले आणि हातानेच टीप घालत बसली. एक बाही पूर्ण झाली. दुसरी बाही लावून झाल्यावर ती चहा विचारायला उठली.

दाखल्यावर मृत्यूचे कारण 'श्वास बंद पडणे' असे आहे. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. श्वास बंद पडला होता.

९. आपले मंजुरीचे पत्र नंतर आले. त्याच आठवड्यात ढगोबाही आला. त्याला बातमी नव्हती. चौकशीला दादांचा जबाब मिळेल का, हे विचारायला आला होता. दारातूनच म्हणाला, "काका कुठंयत?" अर्जदाराने पलंगाकडे पाहिले. पलंगावर शिवून झालेले कपडे रचले होते. तो उंबऱ्यातच खाली बसला. म्हणाला, "ताई, मी त्या साहेबांना खोटं सांगायला हवं होतं. भिंत पावसानं भिजली म्हणायचं." अर्जदार म्हणाली, "पाऊस कुठं होता?" तो म्हणाला, "तेच ना." या वेळी त्याने वर येऊन चहा घेतला. त्याच्या हाताला गटाराचा वास होता म्हणून कपाला हात लावायला संकोचत होता. अर्जदाराने कप हातात दिला.

दादांना पोचवून आल्यापासून अर्जदाराला रडू आलेले नाही. शेजारणी म्हणतात, मन मोकळे कर. ती मशीनवर बसते. कामे वेळेवर जातात.

१०. वरील हकीकतीवरून अर्जदाराच्या मागण्या अशा :

मंजूर झालेले यंत्र आमच्या खिडकीसमोर न बसवता इस्त्रीवालीच्या खिडकीसमोर बसवावे. जिथे यंत्र असते तिथे पाणी येते, असा आमचा अनुभव आहे. तिथे खांब नसल्यास इस्त्रीचे टेबल सरकवून जागा करून द्यायला ती तयार आहे. टँकर मुलगी शाळेला निघण्याआधी यावा. टँकरवर ढगोबालाच पाठवावे, कारण फवारा किती कलता करायचा हे त्याला माहीत आहे; त्याची चौकशी बंद करावी. तोंड वळवायला दादांनी सांगितले होते, तेव्हा काही शिक्षा द्यायची राहिली असेल तर ती दादांच्या नावे लिहावी.

पाणी फक्त यंत्रासाठीच आहे असा नियम आडवा येत असेल, तर सदर मुलीची यंत्र म्हणून नोंद करावी. तिला क्रमांक द्यावा. क्रमांकाची पट्टी अर्जदार स्वतः शिवून देईल. मुलीच्या मापाचा कपडा अर्जदाराकडे आहेच. मुलगी एका जागी बसते, दंगा करत नाही, आणि हवा बिघडली की तिच्यावरून लगेच कळते. ती कशी चालते हे तपासायला कोणी साहेब आले तर तिची आई हरकत घेणार नाही.

मात्र या वेळी कार्यालयाचा विचार यंत्राने खरोखरच हवा मोजण्याचा असेल, आणि पाणी मारायचे नसेल, तर वरील सर्व मागण्या रद्द समजाव्यात. मग ते लेकराच्या घरासमोर नेऊ नये. मंजुरीप्रमाणे आमच्याच खिडकीसमोर बसवावे आणि येईल तो आकडा मोठ्या अक्षरात लावावा. तो वाचून घाबरेल असे आता या घरात कोणी नाही.

उत्तराची घाई नसलेली,

(सही)
अर्जदार, दादांची बहीण
'येथे कपडे शिवून मिळतील' ही पाटी असलेली खोली, पंपघरासमोर

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो

सोबत : आपले मंजुरीपत्र (मूळ प्रत, परत), मृत्यूच्या दाखल्याची प्रत, ढगोबाच्या चौकशीत लावण्यासाठी या अर्जाची आणखी एक प्रत.