रुख्मीच्या नावाचा ग्रह

उंद्री, पौष वद्य ५, शके १८३३

तीर्थस्वरूप भाऊजींस भगवंतरावाचा साष्टांग नमस्कार.

इकडं सारे बरे आहेत. हुरडा यंदा गोड निघाला. शाळा तपासायले साहेब येऊन गेला, शेरा बरा मारला. ताईचा खोकला कसा आहे? मलकापुरात थंडी आमच्याहून कमीच असंल.

तुमचं तिसरं पत्र भेटलं. "वेधशाळेचं उत्तर आलं का बे?" एवढंच. भाऊजी, उत्तर येऊन दोन महिने झाले. इंग्रजी पत्र मी लिहिलं, पत्ता माह्या शाळेचा टाकला, म्हणून ते इथंच आलं. माह्या पेटीत पडून आहे.

आधी चांगलं सांगतो. तुमच्या दुर्बिणीतून दिसला तो लघुग्रहच होता, अन् तवापर्यंत कोणालेच माहीत नव्हता. मंगळ अन् गुरूच्या मधातून फिरते. साडेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरा. सोताचा उजेड नाही, निसता धोंडा, अंदाजे साठ कोस रुंद. तुम्ही म्हणत होते तसंच, बाकीचे तारे जागच्या जागी अन् हा ठिपका रोज जरासा सरकलेला.

पण आपल्या कागदावरून त्यांले तो सापडला नाही. चार वेध एका वाटेवर बसतच नव्हते म्हणे. तीन आठवड्यांनी जर्मनीतल्या एका साहेबाले तोच फोटोच्या काचेवर दिसला. शोध त्याच्या नावावर लागला.

तुमचे वेध चुकले नाहीत हो! चूक माही. तुमच्या वहीत तिथी, वार अन् घटका होत्या. दोन वेध रातच्या पहिल्या पहराचे, दोन पहाटेचे. इंग्रजी तारखा मी पंचांग पाहून घातल्या. आपला वार सूर्य उगवल्यावर बदलते, त्यांची तारीख मध्यरातीलेच बदलते. पहाटेच्या दोन्ही वेधांले मी आदल्या दिवसाची तारीख लावली. त्या तारखा दुरुस्त केल्या की तुमचे चारही वेध त्या साहेबाच्या ग्रहाच्या वाटेवर बरोब्बर बसतात. चौथीच्या पोरांले हेच शिकवतो मी, भाऊजी! तुम्ही म्हटलं होतं, एकदा दोघं मिळून ताडून पाहू. मीच म्हटलं, काही गरज नाही, टपाल निघून जाईन.

शोधणाऱ्यानं नाव ठेवायचं असते, हे ताईले मीच सांगतलं. रुख्मी पलेगात गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. "माह्या पोरीचं नाव आभाळात राहीन का रे भगवंता?" चारदा विचारलं तिनं. मी चारही वेळा हो म्हटलं.

साहेबानं त्याच्या पोरीचं नाव ठेवलं. लहान आहे म्हणे, नुकतीच शाळेत जाऊन राह्यली.

मी गप बसलो नाही. तुमच्या वहीची नक्कल जोडून पुन्हा लिहिलं. परवा दोन ओळी आल्या, एकदा लागलेलं नाव बदलत नाही. आता कुठं लिहायचं राह्यलं नाही.

संक्रांतीले येतो म्हटलं होतं, येत नाही. ताईच्या हातचा तिळगूळ माह्या घशाखाली उतरणार नाही. तिले तुम्हीच सांगा. सांगताना साहेबाले बोल लावू नका, वेधशाळेलेही नको. माहं नाव घ्या.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटते, म्हणून निसतं लिहितो,

रुख्मीचा मामा