भिंतीवरचे दाजी

माझ्या भिंतीवर कुणाचं तोंड काढायचं हे मला कुणी विचारलं नाय, आणि आता ते पुसायचं म्हटलं तर सगळा गाव विचारतो, पुसतेस कशी? हे आधी ऐक, मग नमस्कार.

तीर्थरूप हैबतीदादास धाकटी बहीण ठकू हिचा नमस्कार. पायावर डोकं ठेवलं असं समज. खरं ठेवलं तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि आमच्या घरातली दोन माणसं सध्या एकमेकांशी बोलत नायत. तुझे गुडघे कसे हायत? सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसून आलास म्हणे. फरक पडला असेल तर बरं, पुढं कामाला लागणार हायत. रंगूवहिनीचा खोकला गेला का? तुमच्या खानावळीत भाकऱ्या आता कोण थापतं? फोन केला असता, पण फोन पोरांचे. दोघंही स्पीकरवर लावून बाजूला उभे राहतात आणि मी कुणाच्या बाजूनं बोलते ते ऐकतात. म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहितेय. जिथं वाचता येणार नाय तिथं शिवी समज.

तर भिंत. आपली रस्त्याकडची, एसटीच्या थांब्यासमोरची. पोलादपूरकडून येणारी प्रत्येक गाडी तिच्यापुढं थांबते, वर पत्रा असल्यानं पावसाचं भय नाय, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा. आजवर तिनं छत्र्या सोसल्या, सिमेंट सोसलं आणि "घर तिथे शौचालय" सोसलं (ते लिहिलं तेव्हा आपल्याकडं शौचालय नव्हतं, भिंत मात्र गावाला शिकवत होती). आता अख्खा गाव ज्याला मत देत आला त्या पक्षाचे दोन पक्ष झाले हे तुला ठाऊकच हाय. नाव एक, तोंडं दोन. आमचा थोरला सयाजी साहेबांकडं गेला, धाकटा महादू भाऊंकडं. मी विचारलं, भांडण कशाचं रे? तर म्हणे विचारांचं. लहानपणी दोघांत मिळून एक चड्डी होती, विचार कधी आले कोण जाणे.

मग एक दिवस सयाजीनं कोपऱ्यात खडूनं "भिंत बुक" असं लिहिलं. मला वाटलं बुक म्हणजे पुस्तक, शाळेचं काहीतरी असेल, बाई पोरांसाठी पाढे काढून घेणार असतील. मी म्हटलं, लिहा बाबांनो. बुक म्हणजे अडवून ठेवणं हे मागाहून कळलं, तोवर धोंडू पेंटर शिडी लावून वर चढला होता. साहेबांचा फोटो त्याच्या फोनमध्ये. भांग, कान, गाल एवढं झालं आणि फोनची बॅटरी संपली. वीज सकाळपासून गेलेली. पाणी प्यायला आत आला तर समोर तुझ्या दाजींचा हार घातलेला फोटो. वय तेच, मिशी तीच. मेल्यानं नाक आणि डोळे नीट बघून घेतले आणि बाहेर जाऊन लावून दिले.

दुपारी मी धुणं घेऊन बाहेर पडले तर भिंतीवर हे! पांढरा सदरा, गळ्यात लाल काठाचं उपरणं, हात जोडलेले. दादा, अख्ख्या संसारात या माणसानं माझ्यापुढं कधी हात जोडले नायत, आणि आता महाडला जाणाऱ्या ट्रकना जोडतोय. खाली मोठ्या अक्षरात "कामाचा माणूस". बांधावरचं गवत कापा म्हटलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, ते! ग्रामपंचायतीची पायरी जन्मात एकदा चढले, तेसुद्धा पाऊस आला म्हणून.

महादू चुन्याची बादली घेऊन साहेबांना पुसायला धावत आला. कुंचला उचलला आणि तसाच उभा. "आये, हे तर बाबा!" मी म्हटलं, मला काय सांगतोस, त्या नाकाबरोबर मी संसार केलाय. बापावर चुना मारायला हात होईना, म्हणून त्यानं नुसता उपरण्याचा काठ पिवळा केला, भाऊंचा रंग. दुसऱ्या दिवशी सयाजीनं लाल केला. परत पिवळा. परत लाल. आता तो काठ असा काय नारिंगी झालाय की कुणी एक अपक्ष येऊन हार घालून, फोटो काढून गेला. खुद्द साहेबांची माणसं बघायला आली, तर थांब्यावरच्या बाया त्यांना म्हणाल्या, चपला काढा, हे वारलेत. दोन्ही सुना समोरून जाताना पदर घेतात. मला बघून कधी घेतला नाय.

हसू नको. हसायचं इथं संपलं. महादूनं सांगून टाकलं, "बाबा त्या रंगात असतील तोवर त्या पाटावर माझा गणपती नाय." महाडला जाऊन वेगळी मूर्ती सांगून आला. सुतार येऊन माझ्या पडवीत मधोमध दोरी धरून माप घेऊन गेला. गणपती पंधरवड्यावर आलेत. एका छपराखाली दोन गणपती, दोन आरत्या आणि मधे फळी, असं आपल्यात कधी झालंय का? माझ्या सासूच्या सासूपासून पाट एकच हाय. मी कुठं बसायचं? मोदक कुणाच्या चुलीवर ठेवायचे? सयाजी म्हणतो, आये, तू आमच्यात. महादू म्हणतो, तू आमच्यात. मी म्हटलं, मला कुणी बुक केलेलं नाय. दोघंही रुसले. तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाय. चुलीवर भात ठेवते आणि शिजेपर्यंत दोनदा बाहेर जाऊन काठ कुठल्या रंगाचा झाला ते बघून येते. परवा भात करपला. त्यावरूनही दोघं भांडले, कुणाच्या पक्षामुळं करपला म्हणून.

बाकी सगळं ठीक. शेत बरं हाय, म्हैस गाभण हाय, तिला अजून कुठल्या गटात घेतलेलं नाय. लहानांना आशीर्वाद.

तुझी ठकू

ता. क. : मामाचा हात भाचे धरत नायत. चुना मी भिजवून ठेवलाय, कुंचला महादूचाच हाय. तू ये आणि दोघांच्या डोळ्यांदेखत मार. मग दोघांना पुढं घालून महाडला ने आणि मूर्ती एकच घेऊन या. सुताराला मी बघते.

आणखी ता. क. : चुना गळ्याखाली मारायचा. उपरणं, हात, "कामाचा माणूस", सगळं जाऊ दे. वर कुंचला न्यायचा नाय. माया-बिया काय नाय त्यात. ते बघत असले की पोरं खालच्या आवाजात भांडतात आणि गाडीतून उतरलेले बाप्ये भिंतीकडं तोंड करून उभे राहत नायत, तेवढा उपयोग जिवंतपणी नव्हता.

शेवटचं. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाय, तू "बघू" लिहिशील. चंदूच्या भाजीच्या टेम्पोतून हे रंगूवहिनीच्या हातात जाईल. वहिनीनंच लिहायचं, तुला कुठल्या गाडीत बसवून दिलं ते.